थिन फिल्म सोलर पॅनेल सव्वा वर्ष मोजून बघितलं, त्या ‘१५ टक्के जास्त’चा हिशोब

कॅटलॉगच्या तिसऱ्या पानावर एक आलेख होता. दोन रेघा, खालची करडी रेघ साध्या क्रिस्टलाइन म्हणजे सिलिकॉन स्फटिकाच्या चकत्यांच्या पॅनेलची, वरची हिरवी रेघ ह्यांच्या थिन फिल्मची, आणि दोन्हीच्या मधे बाण काढून लिहिलेलं ‘तेवढ्याच वॅटमध्ये १५ टक्के जास्त वीज’. मी त्या आलेखावर भाळलो, कबूल. छप्पर मोठं आहे, जागेची चणचण नाही, ऊन कडक पडतं, मग म्हटलं तेवढ्याच वॅटच्या पॅनेलमधून जास्त वीज मिळत असेल तर का नको. घेतले चार. आता सव्वा वर्ष झालं, रोजचे आकडे वहीत आहेत (हो वहीत, आकडे आपोआप नोंदवणारा लॉगर दोनदा मेला म्हणून), तर लिहितो सविस्तर, कारण घ्यायच्या आधी मला असा एक पण रिव्ह्यू सापडला नव्हता ज्यात कोणीतरी खरंच मोजलंय. सगळे ‘मस्त चालतंय’ नाहीतर ‘बोगस आहे’.

आधी काय घेतलं ते. थिन फिल्म म्हणजे एक वस्तू नाही, तीन वेगवेगळी मटेरियल त्या नावाखाली विकली जातात: अमॉर्फस सिलिकॉन, कॅडमियम टेलुराइड आणि सीआयजीएस म्हणजे तांबं-इंडियम-गॅलियम-सेलेनियमवालं. माझे अमॉर्फस सिलिकॉनचे, १०० वॅटचं एक, १.१ बाय १.३ मीटर, दोन काचांच्या मधे, फ्रेम नाही. आणि थिन नावावर जाऊ नका बरं का. थिन आहे तो आतला थर, मायक्रॉनच्या एक तृतीयांश वगैरे, साध्या पॅनेलमधली चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास असते त्यामानाने काहीच नाही. पण तो थर ज्या दोन काचांच्या मधे बसवलाय त्यांचं वजन विचारू नका, एक पॅनेल साधारण २३ किलो. चार मिळून ९० च्या वर. मेव्हणा मदतीला आला होता, दुसरं पॅनेल वर चढवताना म्हणाला, “भावजी, ह्याला थिन म्हणतात तर जाड कसं असेल?” तिसऱ्यानंतर तो बोलायचाच बंद झाला.

शेजारी तुलनेला एक ४०० वॅटचं मोनो क्रिस्टलाइन लावलं. म्हणजे ४०० ला ४००. तोच कल, तीच दिशा, दोन्हीला एकाच मॉडेलचे वेगवेगळे एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज ओढून बॅटरी भरणारा डबा), आणि मधेच एकदा दोन्ही कंट्रोलरची अदलाबदल करून बघितली की फरक पॅनेलचा आहे का कंट्रोलरचा. कंट्रोलरचा फरक निघाला एक टक्क्याच्या आत, ते सोडून देऊ.

पहिला आठवडा मात्र सगळा वाया गेला आणि चूक माझीच. बॅटरी अकरा साडेअकरापर्यंत फुल्ल व्हायची आणि मग कंट्रोलर पॅनेलचा घसा आवळायचा, वीज घेणारं कोणी नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार, आणि मी वहीत लिहितोय दोन्ही पॅनेल सारखीच. असली ‘तुलना’ मी नंतर कितीतरी व्हिडिओंमध्ये बघितली. बॅटरी भरलेली असताना काढलेला आकडा हा बॅटरीची भूक सांगतो, पॅनेलची ताकद नाही. मग पाणी तापवायची जुनी कॉइल दिवसभर लोड म्हणून ठेवली, तेव्हा आकडे बोलायला लागले.

आणि काय बोलले! थिन फिल्म रोज १४-१५ टक्क्यांनी पुढे. कॅटलॉगमध्ये लिहिलं तसंच, अगदी तंतोतंत. मी दोघातिघांना फोन करून सांगितलं पण, घ्या म्हणून. (त्यातल्या एकाने घेतले. आता तो माझा फोन जरा उशिरा उचलतो.)

चौथ्या आठवड्यात फरक १० वर आला. मला वाटलं धूळ. धुतली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा घसरण चालू. अडीच महिन्यांनी कडक उन्हाच्या दिवशी फरक राहिला तीन-चार टक्के, आणि तिथे येऊन थांबला.

तेव्हा मी डेटाशीट नीट वाचलं, म्हणजे ते सगळ्यात बारीक अक्षरातलं. तिथे चक्क लिहिलंय की पहिले ८ ते १० आठवडे पॅनेल लेबलपेक्षा जास्त वीज देईल, सुमारे १५ टक्क्यांपर्यंत, आणि लेबलवरचे आकडे स्थिर झाल्यानंतरचे आहेत. म्हणजे हे गुपित वगैरे काही नाही. अमॉर्फस सिलिकॉनचा हा जन्मजात स्वभाव आहे, १९७७ साली आरसीए ह्या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेब्लर आणि रॉन्स्की ह्या दोघांनी तो पकडला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उजेड पडला की मटेरियलमधले कच्चे बंध तुटतात, तिथे इलेक्ट्रॉन अडकायला लागतात, वीज कमी होते, पहिल्या हजारभर तासांच्या उन्हात मोठी घसरण होते आणि मग गाडी सपाटीला लागते. गरम केलं की काही बंध परत जुळतात, म्हणून उन्हाळ्यात हे पॅनेल थोडं सावरतं आणि थंडीत परत उतरतं. माझ्या वहीत पण तेच दिसतंय: कडक उन्हाळ्यात तीन-चार टक्के पुढे, थंडीतल्या स्वच्छ दिवशी मोनोच्या दोन टक्के मागे.

इथे कंपनीला एका गोष्टीचे मार्क दिले पाहिजेत, लेबल स्थिर आकड्याचं लावलंय. सुरुवातीचा फुगलेला आकडा लेबलवर छापला असता तर ती सरळ फसवणूक होती. पण मग तो १५ टक्क्यांचा आलेख? कॅटलॉग परत काढला. आलेखाच्या खालच्या अक्षावर, भिंग घेऊन बघावं लागेल एवढ्या टायपात, ‘दिवस १ ते ३०’. झालं. लेबल स्थिर झाल्यानंतरचं आणि मोजणी स्थिर होण्याच्या आधीची, मग भागाकार सुंदरच येणार की.

ह्या एका गोष्टीने माझी दावे वाचायची पद्धतच बदलली. सोलरचा प्रत्येक दावा हा एक अपूर्णांक असतो. वरचा आकडा सगळे मोठ्या अक्षरात छापतात, खालचा कोणी दाखवत नाही. कशाला भागलंय ते विचारायचं, बास. पुढचे सगळे दावे मी असेच तपासलेत.

उन्हात कमी घट. हा दावा खरा आहे, पण किती खरा ते तुम्ही शेजारी कोणाला उभं करता त्यावर. लेबलवरचा वॅट मोजतात तो चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ डिग्री धरून. भर उन्हात सेल २५ डिग्रीला राहायचा तर हवा शून्याच्या आसपास पाहिजे, म्हणजे ती अट प्रयोगशाळेबाहेर फारशी जमत नाही. माझ्या पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दुपारी ६० डिग्री दाखवतो (इन्फ्रारेडची पिस्तूल वापरू नका, काचेत आभाळाचं प्रतिबिंब पडतं आणि आकडा कमी येतो, मी दोन आठवडे चुकीचं लिहीत होतो). ६० म्हणजे २५ च्या वर ३५ डिग्री. अमॉर्फसला दर डिग्रीला ०.२ टक्के घट, म्हणजे ७ टक्के गेले. माझ्या मोनोला डिग्रीला ०.३५, म्हणजे सव्वाबारा टक्के गेले. फरक पाच टक्क्यांचा, आणि त्यातला बराचसा वहीत दिसतो पण. कॅटलॉगमध्ये मात्र समोर उभं केलंय ते ०.५ वालं क्रिस्टलाइन, साडेसतरा टक्के घटवालं, म्हणजे फार जुनं पॅनेल. आज क्रिस्टलाइनच्याच नव्या जातींपैकी टॉपकॉन पॅनेल ०.३ च्या आसपास आणि हेटेरोजंक्शन ०.२५ च्या आसपास मिळतं. त्या हेटेरोजंक्शनशी कुस्ती लावली तर आपल्या पैलवानाची आघाडी दोन टक्क्यांच्या आत येते. कॅडमियम टेलुराइड घेणार असाल तर त्याचा आकडा ०.३ च्या जवळपास असतो, म्हणजे ‘थिन फिल्म उष्णतेत भारी’ हे वाक्य तीन मटेरियलना एकसारखं लागू नाही.

ढगाळ हवेत जास्त वीज. हा सगळ्यांचा लाडका दावा. ह्याचं मूळ कॅल्क्युलेटरमध्ये आहे असं माझं मत. १९८० च्या दशकातल्या सोलर कॅल्सीवर जी तपकिरी पट्टी असायची ती अमॉर्फस सिलिकॉनचीच, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ती क्रिस्टलाइनपेक्षा खरोखर चांगली चालते कारण तिला दिसणारा उजेडच तेवढा लागतो, ७३० नॅनोमीटरच्या पुढचं इन्फ्रारेड तिला दिसतच नाही. क्रिस्टलाइन सिलिकॉन ११०० पर्यंत बघतं. आता ढगातून आलेल्या उजेडात इन्फ्रारेडचा वाटा कमी झालेला असतो, पाण्याची वाफ आणि थेंब तो खातात, म्हणून क्रिस्टलाइनचं त्या मानाने जास्त नुकसान, अमॉर्फसचं कमी. तत्त्व बरोबर आहे. माझ्याकडे गच्च ढगाच्या दिवशी थिन फिल्म सहा ते आठ टक्के पुढे असतं.

पण सहा ते आठ टक्के कशाचे? गच्च ढगात ऊन उरतं चौरस मीटरला शंभर-सव्वाशे वॅट. ४०० वॅटचा सेट त्यात ४०-४५ वॅट देतो. त्याचे आठ टक्के म्हणजे साडेतीन वॅट. मोबाइल पण धड चार्ज होत नाही त्याच्यावर. अख्खा दिवस ढग असला तर वहीतला फरक मूठभर वॅट-तासांचा. ‘ढगातही चालतं’ ऐकून ज्याला वाटतं ढगाळ दिवशी घर चालेल, त्याचा पोपट होणार हे नक्की.

आणखी एक बारीक गोम. कमी उजेडातल्या एफिशियन्सीचे (पडलेल्या उन्हाच्या किती टक्के वीज होते त्याचे) आलेख बघाल तेव्हा ऊन कशाने मोजलं ते विचारा. सिलिकॉनच्या रेफरन्स सेलने (ऊन मोजायला वापरतात तो छोटा सोलर सेल) मोजलं तर तो सेल स्वतःच ठराविक लांबीच्याच लहरी बघणारा, त्याने भागलं की एफिशियन्सीचा एक आकडा येणार. सगळ्या लांबीच्या लहरी मोजणाऱ्या पायरॅनोमीटरने भागलं तर वेगळं चित्र. खोटं कोणीच बोलत नाही, फक्त भाजक बदलला. आणि मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने मोजणाऱ्यांना हात जोडून विनंती, तो आकडा डोळ्याला किती उजेड दिसतो त्याचा आहे, पॅनेलला किती मिळतो त्याचा नाही.

आता ज्याच्यामुळे माझं विक्रेत्याशी वाजलं ते सांगतो. कमी उजेडात चांगलं चालणं हे नुसतं मटेरियलवर नाही, त्या एकेका पॅनेलच्या बनावटीवर पण आहे. थर इतका पातळ की कुठे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं, कुठे लेसरची रेघ नीट कापली गेली नाही, की करंट आतल्या आत गळतो. दुपारी भरपूर करंट असतो तेव्हा ही गळती कळत नाही. पहाटे कळते, कारण तेव्हा मुळातच थेंबथेंब येतं आणि त्यातलं अर्धं गळून जातं. मी एक दिवस सकाळी उन्हाची तिरीप पडायच्या आधी चारही पॅनेल सुटी करून मीटर लावला. लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ९९. त्या अंधुक उजेडात पहिल्याचं ८७, दुसऱ्याचं ८८, चौथ्याचं ८७. तिसऱ्याचं ७१. मीटरची बॅटरी बदलली, पिना घासल्या, पुन्हा ७१. दुसऱ्या दिवशी तेच.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला साहेब दुपारी किती देतं? म्हटलं दुपारी बरोबर देतं. मग म्हणाला मग झालं तर, लेबलप्रमाणे माल आहे. मी म्हटलं अहो पण तुमच्या कॅटलॉगचा मुख्य दावाच ‘कमी उजेडात जास्त’ हा आहे ना, आणि हे पॅनेल नेमकं कमी उजेडातच बसकण मारतंय. पाच आठवडे, अकरा मेल, तीन व्हिडिओ. शेवटी बदलून दिलं पण चूक झाली असं काही कबूल केलं नाही, ‘ग्राहकाच्या समाधानासाठी’ म्हणे. ही पहाटेची तपासणी फुकट आहे, एक साधा मल्टीमीटर पुरतो, आणि कोणतंही पॅनेल घेतलं तरी पहिल्या आठवड्यातच करा. एकसारख्या पॅनेलमध्ये एखादं वेगळं बोलत असेल तर लगेच समजतं.

सावलीत चालतं हा दावा मी झाडू घेऊन तपासला. ह्या पॅनेलचे सेल म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभर रुंद, पण पॅनेलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या लांब पट्ट्या, सगळ्या एकामागे एक सिरीजमध्ये. झाडूचा दांडा पट्ट्यांना आडवा धरला, म्हणजे प्रत्येक पट्टीचा थोडासा तुकडा झाकला, तर वीज झाकलेल्या भागाच्या प्रमाणातच कमी झाली. वा. मोनोवर तोच दांडा तिरका टेकवला तर त्याचा एक तृतीयांश भाग झटकन बंद पडला, तिथे सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट नेणारे बायपास डायोड तसेच काम करतात. इथपर्यंत कॅटलॉग बरोबर. मग फूटभर रुंदीची फळी घेतली आणि पट्ट्यांना समांतर ठेवली, म्हणजे काही पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत पूर्ण अंधारात. आकडा असा कोसळला की मी घाबरून फळी लगेच उचलली, आणि घाबरणं बरोबरच होतं कारण अशी पूर्ण झाकलेली पट्टी बाकीच्यांच्या व्होल्टेजखाली उलटी दाबली जाते आणि कायमची जळू शकते. तर हा प्रयोग तुम्ही करू नका, मी केलाय तेवढा पुरे.

ह्याच्यातून व्यवहारातली गोष्ट एवढीच की पट्ट्या उभ्या येतील असं पॅनेल बसवायचं, वरून खाली. धूळ आणि पक्ष्यांची घाण खालच्या कडेला साचते, पट्ट्या आडव्या असतील तर खालची अख्खी पट्टी झाकली गेली की सगळ्याच सेलचा करंट तिथे अडला. फिटिंगवाल्याने माझी दोन पॅनेल आडवी लावली होती, ‘दिसायला छान’ म्हणून. उतरवून परत लावली. २३ किलोची दोन.

जोडणीतला आणखी एक घोळ सांगतो, हा कॅटलॉगमध्ये कुठेच नाही. व्होल्टेज. १०० वॅटचं साधं छोटं पॅनेल वीस-बावीस व्होल्टचं असतं, हे १०० वॅटचं ९९ व्होल्टचं. फिटिंगवाला सवयीने दोन-दोन सिरीजमध्ये जोडायला निघाला होता, म्हणजे १९८ व्होल्ट, आणि माझ्या कंट्रोलरची मर्यादा १५०. जोडलं असतं तर कंट्रोलर तिथल्या तिथे गेला असता. त्यात सुरुवातीचे आठवडे व्होल्टेज लेबलपेक्षा वर असतं, आणि थंड सकाळी आणखी वर. शेवटी चारही समांतर जोडली, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, वायरिंगचा पसारा वाढला तो वाढलाच. ग्रिडवाल्या इन्व्हर्टरला जोडणार असाल तर निगेटिव्ह टोक अर्थ करावं लागतं का ते आधी विचारा, बऱ्याच थिन फिल्म पॅनेलमध्ये काचेच्या आतला पारदर्शक वाहक थर चुकीच्या अर्थिंगने गंजतो, काचेला आतून पांढरे डाग पडतात आणि ते परत जात नाहीत. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये तसं अर्थिंग सहसा करता येत नाही. म्हणजे पॅनेल स्वस्त पडलं तरी इन्व्हर्टर बदलायची वेळ येऊ शकते.

एफिशियन्सीबद्दल फार नाही लिहीत. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘थिन फिल्म तंत्रज्ञान २२ टक्क्यांच्या पुढे’. खरंय. कॅडमियम टेलुराइडच्या सेलने २०१६ मध्ये २२.१ गाठले, सीआयजीएसने २०१९ मध्ये २३.३५. पण ते नखाएवढे प्रयोगशाळेतले सेल, आणि मटेरियल दुसरंच. माझं पॅनेल १.४३ चौरस मीटरला १०० वॅट, म्हणजे चौरस मीटरच्या १००० वॅट उन्हातले ७०, सात टक्के. भाऊ दहावीत बोर्डात आला म्हणून आपला निकाल लागत नाही ना, तसंच हे. सात टक्क्यांचा अर्थ जागेत कळतो: थिन फिल्मचे ४०० वॅट पसरलेत पावणेसहा चौरस मीटरवर, मोनोचे ४०० वॅट दोन चौरस मीटरवर. स्ट्रक्चर, क्लॅम्प, वायर, धुवायची काच, सगळं जवळपास तिप्पट.

वॉरंटी २५ वर्षांची, ८० टक्के पॉवरची. कागद वाचलात तर कळेल, ८० टक्के ‘किमान’ पॉवरचे, आणि किमान म्हणजे लेबल वजा ५ टक्के टॉलरन्स, म्हणजे इकडे-तिकडे व्हायची सूट. १०० चे ९५, त्याचे ८० टक्के ७६, त्यातून मोजणीच्या यंत्राची तीन टक्के सूट त्यांनी स्वतःला दिलीय, म्हणजे ७४ च्या खाली गेलं तरच दावा लागू. आणि मोजायला पॅनेल त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. बरं, २५ वर्षं कंपनी तरी राहिली पाहिजे. ह्या धंद्यात सोलिन्ड्रा ही अमेरिकन थिन फिल्म कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, सोलर फ्रंटियरसारख्या मोठ्या कंपनीने सीआयएस (सीआयजीएसच्याच घराण्यातलं) पॅनेल बनवणं २०२२ मध्ये थांबवलं. सर्टिफिकेट बघा जरूर, पण नंबर पण बघा: थिन फिल्मसाठी आयईसी ६१६४६ हे वेगळं मानक होतं ते २०१६ मध्ये ६१२१५ मध्ये सामावलं, तेव्हा आज कोणी नुसतं ६१६४६ दाखवत असेल तर कागद जुना आहे. आणि ८५ डिग्री, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास ही परीक्षा पास होणं म्हणजे माल लहानपणीच्या आजारांतून वाचला एवढंच, २५ वर्षांचं आयुष्य त्यात मोजलेलं नसतं.

आता वर्षाची बेरीज. सुरुवातीचे दहा आठवडे सोडून पुढचे बारा महिने धरले तर थिन फिल्म ३ टक्के पुढे. तेवढ्याच वॅटमध्ये ३ टक्के जास्त वीज, म्हणजे दावा १५ चा नसला तरी दिशा बरोबर आहे असं मी वहीत लिहिलं आणि दोन दिवस खुश होतो.

मग डोक्यात आलं की ‘तेवढेच वॅट’ हे कोणी ठरवलं? लेबलने. मोनोचं लेबल ० ते अधिक ५ वॅट, थिन फिल्मचं लेबल अधिक-उणे ५ टक्के. माझ्या मीटरची चूक दोन टक्क्यांपर्यंत. म्हणजे ४०० वॅटचं म्हणून दिलेलं खरं ४१२ चं असेल तर ते ३ टक्के तिथेच संपले, मटेरियलचं कौतुक उरलंच नाही. जी कंपनी लेबल जरा हात राखून लावते तिचं पॅनेल वॅटमागे नेहमीच ‘जास्त’ देणार! हा फरक पकडायचा तर चारही पॅनेल फ्लॅश टेस्टरवर (ठरलेल्या उजेडाचा झोत टाकून खरे वॅट मोजणारं यंत्र) मोजून घ्यावे लागतील आणि तेवढा उद्योग घरगुती माणूस करत नाही. तेच आकडे चौरस मीटरने भागले तर थिन फिल्म मोनोच्या ३६ टक्के. हा आकडा मात्र कोणत्याही टॉलरन्समध्ये लपत नाही.

रेटिंग विचाराल तर पॅनेलला पाचपैकी तीन, कॅटलॉगला एक, विक्रेत्याला दीड (अर्धा शेवटी बदलून दिल्याचा). पॅनेलला तीन का, तर स्थिर झाल्यापासून ते लेबलला जागलंय, उन्हाळ्याच्या दुपारी खरंच कमी दमतं, आणि दिसायला सगळ्यात सुंदर आहे, एकसंध गडद तपकिरी काच, भिंतीवर किंवा मोठ्या शेडवर लावायला मला आवडेल. छप्पर लहान असेल तर ह्याच्या वाटेला जाऊ नका. जागा भरपूर आहे आणि कोणी पडेल भावात देतंय तर घ्या, पण स्ट्रक्चर आणि वायरिंगचा खर्च आधी मांडा, आणि ‘जास्त वीज’ ह्या कलमापुढे शून्य लिहून मांडा.

गेल्या महिन्यात मी विक्रेत्याला मेल केली की तो तिसऱ्या पानावरचा आलेख पहिल्या तीस दिवसांचा आहे, निदान वर्षभराचा तरी द्या, हवे तर माझी वही घ्या. उत्तर आलं नाही. परवा नवीन कॅटलॉग आला. आलेख तोच, हिरवी रेघ तीच, बाण तोच. खालच्या अक्षावरचं ‘दिवस १ ते ३०’ तेवढं काढून टाकलंय.